मनगटापुढचा डॉक्टर

डॉ. घियास तराबिशी यांचं शल्यक्रियेचं ज्ञान येत्या एकतीस मार्चला संपणार होतं. तसं पत्रच आलं होतं. परदेशशिक्षित वैद्य पडताळणी मंडळ, टोरांटो, यांनी खेदपूर्वक कळवलं होतं की, अर्जदाराने शेवटची शस्त्रक्रिया करून त्या दिवशी पाच वर्षं पूर्ण होत असल्याने, त्यानंतर त्याला आतडं कुठे असतं हे माहीत आहे असं गृहीत धरता येणार नाही. एकतीस तारखेला संध्याकाळी पाच वाजता कार्यालय बंद होईपर्यंत मात्र माहीत आहे असं धरायला मंडळाची हरकत नव्हती.

घियासने सीरियातल्या होम्समध्ये चौदा वर्षं लोकांची पोटं उघडली आणि नीट शिवून परत दिली. शेवटी शेवटी तर डोक्यावर छप्पर राहील याची खात्री नसताना दिली. कॅनडात हॅमिल्टनला आल्यावर तो मंडळाच्या चारही लेखी परीक्षा पास झाला. चौथीत इतके गुण पडले की त्याने कॉपी केली का, याची चौकशी बसली आणि त्यात सात महिने गेले. आता उरली होती फक्त एखाद्या रुग्णालयात उमेदवारीची जागा. संघर्षग्रस्त प्रदेशांतून आलेल्या शल्यविशारदांसाठी अख्ख्या प्रांतात अशी एक जागा राखून ठेवलेली होती. एक. जागांच्या संख्येत यंदाही कपात केलेली नाही, असं मंडळ दरवर्षी अभिमानाने जाहीर करत असे.

तोवर पोट भरायला घियास 'दुसरी नाडी' या मालिकेत हात म्हणून काम करत होता.

मालिका एका निर्वासित सीरियन डॉक्टरची होती. हॅमिल्टनच्या पूर्वेकडचं जुनं रुग्णालय सरकारने डॉक्टर मिळत नाहीत म्हणून बंद केलं होतं, ते मालिकावाल्यांनी भाड्याने घेतलं. आता तिथे अकरा खाटा होत्या, झकपक दिवे होते आणि दर गुरुवारी एक रोगी चाळीस मिनिटांत बरा होत होता. उरलेलं गाव दुसऱ्या रुग्णालयाच्या बाकड्यांवर अकरा अकरा तास बसून, भिंतीवरच्या टीव्हीत हीच मालिका बघत असे.

निर्वासित डॉ. यासिरचं काम डॅनी स्टॅव्हरू करायचा. हा टोरांटोचाच, ग्रीक खानावळवाल्याचा मुलगा. अरबांशी त्याचा संबंध हुमुस हा वाटल्या छोल्यांचा पदार्थ मुळात कोणाचा, या वादापुरताच होता. पण डोळे असे पाणीदार की बघणाऱ्याने रुमाल शोधावा. अडचण एवढीच होती की सुई दिसली की डॅनीला भोवळ यायची. म्हणून चेहरा त्याचा आणि मनगटापुढे घियास, अशी वाटणी झाली होती.

"हा असा टाका कोणी घालत नाही," घियासने पहिल्याच दिवशी निर्मातीला सांगितलं.

"का रे? छान तर दिसतोय," मार्गो म्हणाली.

"रोगी मरेल."

"तो तिसऱ्या भागात मरायचाच आहे. पण तू असं सांगत जा हं. तुझ्या अनुभवाची आम्हाला फार किंमत आहे."

जानेवारीत मंडळाने मुलाखतीला बोलावलं. समोर तिघं बसलेले. अध्यक्षा डॉ. हेदर प्रिंगल. आधी ही जमीन मुळात ज्या आदिवासींची, त्यांची माफी मागून झाली, मग उशिराबद्दल, मग कॉफी गार झाल्याबद्दल. त्याशिवाय इथे कोणी कामाला हात लावत नाही.

"तुमच्या आयुष्यातला एखादा कठीण प्रसंग सांगा," प्रिंगलबाई म्हणाल्या.

"एका रोग्याची प्लीहा फुटली होती. रक्त कमी होतं. मी ती अठरा मिनिटांत काढली. रोगी जगला. आता त्याचं स्वीडनमध्ये सायकलचं दुकान आहे."

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. "आणि तुम्हाला काय वाटलं?"

"भूक लागली होती. सकाळपासून काही खाल्लं नव्हतं."

आठवड्याने निकाल आला. वैद्यकीय ज्ञान: उत्तम. हस्तकौशल्य: उत्तम. निर्वासितपण: असमाधानकारक. खाली सविस्तर शेरा होता. 'उमेदवार प्रश्न विचारताच उत्तर देतो. खिडकीबाहेर बघत नाही. बोलताना आवाज कुठेही दाटत नाही. अपेक्षित वेदना आढळून आली नाही.' मंडळाच्या सभासदांना निर्वासितांची मनं कळावीत म्हणून शासनाने दोन दिवसांचं शिबिर भरवलं होतं आणि त्यात 'दुसरी नाडी'चे बारा भाग दाखवले होते. त्यामुळे निर्वासित डॉक्टर कसा असतो, हे आता त्यांना पक्कं ठाऊक होतं. घियास त्यात कुठेच बसत नव्हता.

मंडळ मात्र माणुसकी सोडणारं नव्हतं. त्याने घियासला आणखी एक संधी दिली, मात्र त्याआधी मान्यताप्राप्त मार्गदर्शकाकडे सहा तास शिकवणी घ्यायची अट घातली. मार्गदर्शकांची यादी जोडली होती. यादीत एकच नाव होतं, डॅनी स्टॅव्हरू.

डॅनी मनाने चांगला. बिचारा स्वतःच ओशाळला. पण काम म्हटल्यावर काम.

"हे बघ घियास, प्रश्न आला की आधी थांबायचं. मनात पाच अंक मोज. मग खिडकीकडे."

"खिडकी नसली तर?"

"तर हातांकडे. आणि मग हळूच म्हणायचं, आमच्याकडे तेव्हा वीज नव्हती."

"जनरेटर होता. चांगला होता, जर्मन."

"जनरेटर काढून टाक. जनरेटर असला की लोकांना रडू येत नाही रे."

"डॅनी, हे तू शिकलास कोणाकडून?"

"तुझ्याकडूनच की," डॅनी म्हणाला. "दुपारी जेवताना तू गप्प बसून खिडकीबाहेर बघायचास ना, ते मी उचललं."

"मी गाडीला पार्किंगच्या दंडाची चिठ्ठी लागली का ते बघत होतो."

फेब्रुवारीत दुसरी मुलाखत झाली. घियासने मनात पाच मोजले, खिडकीकडे बघितलं, जनरेटर गाळला. प्लीहेपर्यंत येता येता अध्यक्षाबाईंचा चष्मा ओला झाला. शंभरपैकी शहाण्णव गुण पडले. चार कापले ते अरबी हेल डॉ. यासिरइतका गोड नाही म्हणून. जागा तुमचीच, आता फक्त सही राहिली, असं कारकुनाने फोनवर सांगितलं, आणि घियासने पहिल्यांदाच लुबनाला, म्हणजे बायकोला, नवा पांढरा कोट बघून ठेवायला सांगितलं. त्या आठवड्यात घरातला प्रत्येकजण उगाचच हसत होता.

नेमका त्याच गुरुवारी मालिकेच्या हंगामाचा शेवटचा भाग लागला. त्यात एक पाषाणहृदयी मंडळ डॉ. यासिरला परवाना नाकारतं. तो बॅग घेऊन विमानतळावर उभा राहतो. नर्स क्लेअर धावत येते. तो तिला म्हणतो, "माझ्याकडे देण्यासारखं काही उरलेलं नाही. तरी लग्न करशील?" क्लेअर तोंड उघडते, आणि भाग संपतो.

देशात हाहाकार झाला. डॉ. यासिरला परवाना द्या, अशा अर्जावर चार दिवसांत तीन लाख सह्या जमल्या. पावाच्या दुकानात अबू नासरने तो अर्ज गल्ल्याशेजारीच ठेवला होता. सीरियात डॉक्टरला हकीम म्हणतात, आणि अबू नासर घियासला त्याखेरीज कधी हाक मारत नसे.

"हकीम, काय वेळ आणली बघा त्या बिचाऱ्यावर. करा सही."

"अबू नासर, माझाही अर्ज तिथेच पडलाय."

"तुमचं होईल हो. तुम्ही खमके आहात. त्या पोराला इथे कोण आहे?"

घरी येऊन बघतो तर लुबनाही डोळे पुसत फोनवर सही करत होती. मुलगी सिबा, तिची तर करून झाली होती. सिबाचा बाप म्हणून लुबना त्याला अबू सिबा म्हणायची.

"अबू सिबा, तू अजून केली नाहीस? तुला काही मन आहे की नाही?"

"लुबना, शेवटच्या ऑपरेशनमधले ते हात माझे आहेत."

"हात तुझे असतील. त्याचे डोळे बघितलेस का?"

घियासने सही केली. नाही म्हटलं असतं तर मत्सर वाटतो असं दिसलं असतं, आणि खरं सांगायचं तर त्यालाही थोडं वाईट वाटलंच होतं. मंडळाच्या तिन्ही सभासदांनीही सही केली. नाकारणारं मंडळ किती निर्दय होतं, हे त्यांनी जातीने बघितलं होतं.

जनतेचा कौल डावलणं मंत्र्यांना शक्य नव्हतं. त्यांनी टीव्हीवर येऊन डॉ. यासिरला न्याय देण्याचा शब्द दिला. न्यायासाठी वेगळी जागा नव्हती, होती ती एकच. दहा मार्चला घियासला पत्र आलं की यंदाची राखीव जागा लोकहितास्तव डॉ. यासिर यांना देण्यात आली असून आपण प्रतीक्षायादीत पहिले आहात. अभिनंदन.

घियास तडक टोरांटोला गेला. खिडकीवर लेस्ली नावाचे गृहस्थ होते, अत्यंत सभ्य.

"साहेब, हा माणूस अस्तित्वात नाही."

"क्षमा करा, पण अस्तित्वाचा दाखला आम्ही कोणाकडेच मागत नाही. कागदपत्रं मागतो. त्यांची सगळी आहेत." लेस्लींनी फाइल उघडली. "पदवीचं मूळ प्रमाणपत्र, शिक्क्यासह. तुमची छायाप्रत आहे."

"विद्यापीठाचं कार्यालय जळलं. आणि ते प्रमाणपत्र मालिकेच्या सामान खात्याने छापलंय. मी त्यांना शिक्का कसा असतो ते काढून दाखवला होता."

"मग तर ते अचूकच असणार," लेस्ली समाधानाने म्हणाले.

"बरं. तो कामावर रुजू झाला नाही, तर जागा मला मिळेल?"

"नक्कीच. पण ते सोमवारीच रुजू होताहेत. अकरा खाटांचं रुग्णालय आहे म्हणे, पूर्वेकडे. फार गरज होती हो तिथे."

सोमवारी नव्या हंगामाचं चित्रीकरण सुरू झालं. प्रांतातल्या शल्यविशारदांची संख्या एकाने वाढल्याचं सरकारने प्रसिद्ध केलं. घियासचे हात नेहमीप्रमाणे रबरी पोट शिवू लागले. त्यावर मंडळाच्या कायदेखात्याने खुलासा पाठवला: डॉ. यासिर यांच्या नोंदणीत त्यांचे हातही येतात, तेव्हा चित्रीकरणाच्या वेळेत श्री. तराबिशी हे मनगटापासून पुढे परवानाधारक समजले जातील. उरलेल्या श्री. तराबिशींनी मात्र स्वतःला डॉक्टर म्हणवून घेऊ नये. कोणी हकीम म्हणून हाक मारल्यास ओ देऊ नये.

एकतीस मार्चला घियासने एक यकृत, दोन मूत्रपिंडं आणि एक बाळंतपण उरकलं. पाच वाजता हातमोजे काढले. मोटारीत बसून तो खूप रडला. आजूबाजूला कोणी नव्हतं, खिडकीच्या काचेवर बर्फ होता, आणि बाहेर बघायचं त्याला सुचलंही नाही.

ही हकिगत मी आजवर बऱ्याच जणांना सांगितली. सगळे मनापासून हळहळतात, व्यवस्थेला शिव्या घालतात, घियाससारख्यांचं काहीतरी व्हायला हवं म्हणतात. मग जरा घुटमळतात आणि आवाज उतरवून एक प्रश्न विचारतात. तो घियासविषयी कधीच नसतो. तुम्हीही विचारणारच होतात, म्हणून सांगून टाकतो: हो म्हणाली. क्लेअर हो म्हणाली.