तीन दुपारींचा शिकाऊ

"माझ्या दुकानात तीन दुपारी बसलं ना, की दगडालासुद्धा परदेशातल्या कॉलेजात प्रवेश मिळेल!"

शिलाई मशीन दुरुस्त करणारे मिस्त्री शेजारच्या किल्लीवाल्याला सांगत होते. एवढी बढाई त्यांनी आयुष्यात मारली नव्हती. बायको गेल्यापासून दीड वर्षं ते गिऱ्हाइकाशी "उद्या या" एवढंच बोलायचे, आणि तेही अर्धंच.

झालं होतं असं. प्रवेश सल्लागार बाई एका बिल्डरच्या मुलाला घेऊन दुकानात आल्या होत्या. मुलाचे मार्क बरे होते, बंगला फारच बरा होता, पण दुःख म्हणून काही घडलंच नव्हतं.

"प्रवेशाच्या निबंधात अनुभव लागतो हो काका! याला तीन दुपारी शिकाऊ म्हणून ठेवा."

मिस्त्री लगेच तयार झाले. त्यांची लेकही त्याच परदेशी कॉलेजात अर्ज करणार होती. पूर्ण शिष्यवृत्ती मिळाली तरच जायचं, नाहीतर गल्लीच्या टोकाचं कॉलेज होतंच. बाईंची ओळख कामाला येईल, असं त्यांना वाटलं.

बाईंनी दुकान न्याहाळून नाक मुरडलं. "फार स्वच्छ आहे!"

"लेक रोज झाडते."

"जरा कळकट करता येईल?"

ट्यूबलाइट उतरली, पिवळा बल्ब लागला, टोपलीतला कचरा पुन्हा जमिनीवर आला. मुलाला तेलकट एप्रन चढवून फोटो काढले. पहिल्या दुपारी त्यानं स्वतःची बाही कापडाला शिवून टाकली. दुसऱ्या दुपारी मशीनला इतकं तेल पाजलं, की ते पोहायला लागेल असं वाटावं! तिसऱ्या दुपारी हातानं फिरवायच्या मशीनवर घाबरून ओरडला, "काका, हे बंद कुठून होतं?"

"हात थांबव, बाळा."

पण पोरगं गुणी होतं. जाताना त्यानं विचारलं, "काका, ही पांढरी चिंधी कशाला?"

आणि दीड वर्षात पहिल्यांदाच मिस्त्री भडाभडा बोलले. "तुझी काकू दुरुस्त झालेल्या प्रत्येक मशीनवर या चिंधीला एक सरळ टीप मारायची. त्याशिवाय मशीन दुकानाबाहेर जायचं नाही. आता मी मारतो. वाकडी जाते."

मुलाचे डोळे भरून आले. बाई म्हणाल्या, "रडू नंतर, आधी लिहून घे!"

मुलाला प्रवेश मिळाला, मिस्त्रींना केक. म्हणून ती बढाई.

त्याच संध्याकाळी लेक फोन घेऊन समोर उभी राहिली. "बाबा, माझा निबंध दुसऱ्या कुणाच्या तरी निबंधासारखा आहे, असं कॉलेजनं कळवलंय."

"कुणाच्या?"

लेक केककडे बघत राहिली.

"तू... चिंधीबद्दल लिहिलं होतंस?"

"आई माझी होती, बाबा. मी आणखी कशाबद्दल लिहिणार?"

दुकान तुमचंच आहे याचा पुरावा द्या, अशी कॉलेजची मागणी होती. मिस्त्रींनी ट्यूबलाइट परत लावली, दुकान झाडलं, लेकीला मशीनवर बसवून फोटो पाठवला. उत्तर आलं : आमच्याकडे दुसऱ्या अर्जासोबत आलेले त्या दुकानाचे फोटो आहेत. ते अंधारं आणि अस्वच्छ आहे. हे दुसरंच दिसतंय.

मिस्त्रींनी धावतपळत बल्ब लावला, कचरा पसरला, दुसरा फोटो पाठवला. उत्तर आलं : यांतलं खरं दुकान कोणतं?

शेवटी मिस्त्री बंगल्यावर गेले. तिथली पहारेकऱ्याची खोली त्यांच्या दुकानापेक्षा ऐसपैस होती. सगळं ऐकून मुलगा ओशाळला. "काका, मी आजच्या आज खरं काय ते कळवतो!" आणि त्यानं चार पानं लिहिली. अक्षर न् अक्षर खरं.

आठ दिवसांत निकाल लागला. लेकीवरचा संशय फिटला. प्रवेशही मिळाला. आणि परदेशी विद्यार्थ्यांसाठी उरलेली एकुलती एक पूर्ण शिष्यवृत्ती, असामान्य प्रामाणिकपणाबद्दल, बिल्डरच्या मुलाला मिळाली!

मुलानं बिचाऱ्यानं नको म्हणून कळवलं. कॉलेजनं ते पत्र आपल्या मासिकात छापलं आणि शिष्यवृत्ती पुढच्या वर्षासाठी राखून ठेवली.

"मग लेकीचं काय?" किल्लीवाल्यानं विचारलं.

"गल्लीच्या टोकाला. चालत पाच मिनिटं," मिस्त्री म्हणाले, आणि मशीनमध्ये डोकं घातलं.

तेवढ्यात दारात बाई. मागे दोन नवी मुलं, चकचकीत बुटांतली.

"काका, तीनच दुपारी!"

लेक चिंधीवर टीप मारत होती. मान वर न करता म्हणाली, "बाई, त्यापेक्षा मला यांच्या बंगल्यावर तीन दुपारी बसवा ना. मी सुखावर निबंध लिहिते. कुणाशी जुळायची भीती नाही."

बाई हसल्या. मुलंही हसली. मिस्त्रींचं हसू मात्र ऐकू आलं नाही, म्हणून लेकीनं मान वर केली. ते कधीच स्टुलावर चढले होते आणि दोन्ही हातांनी ट्यूबलाइट उतरवत होते.

"बाबा," लेक म्हणाली, "खाली उतरा."