तिसऱ्या पेल्याची फिल्म

आमच्या कचेरीत कामाची वेळ कॉफीच्या आधी सुरू होते आणि कॉफीनंतर संपते. मधली वेळ कॉफीची असते. याबद्दल अख्ख्या अदिस अबाबात कोणाची तक्रार नाही. तक्रार होती ती माझ्या सहा महिन्यांच्या नाहोमची. दुपारची पहिली कॉफी, म्हणजे अबोल, पिऊन मी उठले तर त्याला वेळेवर दूध मिळतं. पण त्याच चोथ्यावर दुसरं पाणी, तोना, आणि मग तिसरं, बराका, उकळेपर्यंत उठायचं नसतं. बराका म्हणजे आशीर्वाद. आशीर्वाद टाकून जाणारीने आई कुठल्या तोंडाने म्हणवून घ्यायचं?

"साहेब, पहिल्या पेल्यानंतर सोडा. पाजून परत येते."

"कॉफीत वेळ जातो याला पुरावा काय?" गिझाचेव साहेबांनी पेल्यावर फुंकर घालत विचारलं.

पुरावा सगळ्यांच्या हातात होता, म्हणून कोणाला दिसत नव्हता. मी पडले चित्रपट विभागातली. कपाटातला चावी देऊन चालणारा जुना कॅमेरा काढून कचेरीचं कॉफीपान टिपलं. फिल्म धुण्याची रसायनं परदेशातून येतात, म्हणजे येत नाहीत. पण कॉलेजात शिकले होते, की कडक कॉफीत धुण्याचा सोडा आणि क जीवनसत्त्वाची पूड घातली, की चित्र उमटतं. कॉफी मागितली. त्यावर बैठक बसली.

"अबोल कर्मचाऱ्यांची," साहेब म्हणाले. "ती बादलीत ओतली तर कामावर परिणाम होईल."

"मग तोना?"

"पाहुण्यांची. पाहुणा काय सांगून येतो?"

कॉफी करणाऱ्या असेलेफेचताई मध्ये पडल्या. "बराका घे गं पोरी. आशीर्वादाला कोण नाही म्हणतंय?"

"ताई, तिसरं पाणी म्हणजे नुसतं पाणी."

"हळू बोल! साहेब आत्ताच वाहवा करून प्यालेत."

आशीर्वादात धुतलेली फिल्म सुकली, तेव्हा तिच्यावर धूर तेवढा दिसला. मला वाटलं, पडद्यावर उमटेल. आईला बरंच काही वाटतं. नाहोम शेजारणीकडे रडतो, त्या प्रत्येक रडण्याचा एक लाल ठिपका मी शाईने फिल्मवर काढला. पेला वाढला, की ठिपके वाढले.

फिल्म कॉफीच्या वेळेलाच दाखवली. पडदा पांढराशुभ्र. त्यावर एक ठिपका, मग पाच, मग पडदाभर. माझा ब्लाउज ओला झाला. दुधाला बैठक कळत नाही.

साहेबांनी डोळे पुसले. "लगडलेलं झाड! पिकलेली कॉफीची फळं! आणि कॉफी पिणारा माणूस औषधालासुद्धा नाही. कुठे जातो वेळ?"

"साहेब, ते माझं मूल रडतंय!"

"बघा," साहेब सगळ्यांना म्हणाले, "कलाकाराला स्वतःची कला कळत नाही."

ठराव झाला: फिल्म रोज बराकानंतर दाखवावी, आणि ती संपेपर्यंत कोणी उठू नये. माझा सत्कारही तिथेच ठरला. खुर्ची पडद्यालगत, दारापासून सगळ्यात लांब. भाजलेल्या जवाचं ताट फिरलं, धूप पेटला, अबोल नव्याने उकळायला लागली.

तेवढ्यात शेजारणीचा फोन आला. पलीकडून नाहोमने जो टाहो फोडला, तो खोलीभर ऐकू आला.

"अरे वा, आवाजही आहे की!" साहेब म्हणाले.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. असेलेफेचताईंनी माझा पेला काठोकाठ भरला. मी प्याले. करते काय?

तुमच्याकडच्या आया सुखी. ऐकलंय, तुमच्या कचेऱ्यांत असली कॉफी नसते. चहा असतो.