सत्त्याऐंशी दिवस शिल्लक

पोर्ट हॅलम जुनी मोटारसायकल मंडळाच्या शेडमध्ये मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सदस्य क्रमांक चौदा, श्री. डेस्मंड ट्रेवार्था, यांच्या इटालियन मोटारसायकलीची बॅटरी मृत आढळली. मृत्यूचं कारण गाडी न चालवणं हे होतं. इतिवृत्तात मात्र ‘हवामान’ अशी नोंद आहे.

गाडी न चालवायला डेस्मंडकडे सबळ कारण होतं. जुन्या गाड्यांना सरकार स्वस्तात नोंदणी देतं, पण वर्षाला नव्वदच दिवस रस्त्यावर आणू देतं. निघण्याआधी वहीत तारीख लिहायची. मग तुम्ही तीनशे किलोमीटर जा, नाहीतर कोपऱ्यावरच्या बेकरीतून पेस्टी, म्हणजे खिम्याची भाजलेली करंजी, घेऊन या, दिवस गेला तो गेला. डेस्मंडचा जन्म पोस्टाच्या खिडकीमागे गेला होता. पाकिटावर जास्तीचं तिकीट लावणाऱ्या माणसाकडे तो आजही संशयाने बघे. तेव्हा एखादा दिवस उगाच खर्ची टाकणं त्याला जमणारं नव्हतं. वारा असला की नको, ऊन असलं की नको, आणि दोन्ही नसलं की इतका चांगला दिवस नुसता गावात फिरण्यात घालवायचा का, म्हणून नको. सात महिन्यांत त्याने तीन दिवस वापरले होते. सत्त्याऐंशी शिल्लक होते आणि त्याला त्याचा अभिमान होता.

त्या रविवारी तो गाडी काढायला गेला तो लॉरी पेनहेलमुळे. लॉरी हा त्या गाडीचा आधीचा मालक. वय एक्याऐंशी, मुक्काम गावातल्याच वृद्धाश्रमात, आणि त्याच्या हृदयाविषयी डॉक्टरांनी बोलणंच सोडून दिलेलं. त्याने डेस्मंडकडे एकच गोष्ट मागितली होती. एकदा मागे बसवून समुद्रावरच्या धक्क्यापर्यंत ने.

“हिवाळा काही मी काढत नाही,” लॉरी फोनवर म्हणाला; तिथे तो जूनमध्ये लागतो. “तेव्हा आढेवेढे घेऊ नकोस.”

अंतर दोन किलोमीटर होतं.

गाडीबरोबर लॉरीने दिलेला जुना चार्जरही शेडमध्ये होता. लोखंडी डबा, एक काटा, एक बटण. डेस्मंडने तो प्लगला लावायला हात पुढे केला आणि मागून चिटणीस बेव्हर्ली रंडल यांचा आवाज आला.

“डेस, त्याला टॅग नाही.”

विजेच्या प्रत्येक उपकरणाची तपासणी होऊन त्याच्या वायरीला तारखेचा टॅग असल्याखेरीज ते शेडमध्ये लावता येत नाही, हा नियम डेस्मंडला माहीत होता. त्यानेच तो मांडला होता, शेडमध्ये विजेची किटली आली तेव्हा.

“मग बॅटरी घरी नेतो.”

“तुमच्या फ्लॅटमध्ये चालते?”

चालत नव्हती. त्याच्या फ्लॅटांच्या नियमावलीत बॅटऱ्या, कुत्री आणि खिडकीत टॉवेल वाळत घालणं ही एकाच कलमात निषिद्ध होती.

अध्यक्ष नेव्हिल हॉकिंग यांनी प्रकरण गांभीर्याने घेतलं. जलपुरवठा खात्यातून ते निवृत्त झाले होते; पण खातं त्यांच्यातून निवृत्त झालं नव्हतं. ‘बॅटरी देखभाल चार्जर निवड उपसमिती’ स्थापन झाली. तक्रारदार म्हणून डेस्मंडलाच तिचा निमंत्रक केलं, आणि इथेच घात झाला, कारण डेस्मंडला ते काम आवडलं.

पहिल्या बैठकीत चौदा चार्जरांचा तक्ता सादर झाला. दुसऱ्या बैठकीत प्रश्न निघाला की चार्जरला लिथियम बॅटरी चालावी का. मंडळात कुणाकडेच लिथियम बॅटरी नव्हती. “पण उद्या कुणी घेतली तर?” असं नेव्हिल म्हणाले, आणि त्या ‘उद्या’साठी तीन आठवडे लागले. चार्जर पावसात टिकणारा हवा असं ठरलं, कारण तो छपराखाली राहणार असला तरी छपराचा भरवसा कुणी लेखी देईना. तो पाच टप्प्यांत चार्ज करणारा असावा की सात, यावर मतदान झालं. पाच टप्पे पुरतात असं बेव्हर्लीचं म्हणणं होतं. सातवाल्यात काहीतरी असल्याशिवाय का कुणी सात करेल, असा बिनतोड मुद्दा डेस्मंडने मांडला.

दर रविवारी लॉरीचा फोन येई.

“काय झालं?”

“समिती बसली आहे.”

“तिला म्हणावं, ऊठ.”

“तसं नसतं लॉरी. चुकीचा चार्जर लावला तर बॅटरीचं आयुष्य कमी होतं.”

“आणि माझं?” लॉरीने विचारलं. डेस्मंडने हा मुद्दा पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत ‘ऐनवेळचे विषय’ खाली घेतला. ऐनवेळी वेळ उरला नाही.

अकराव्या आठवड्यात चार्जर आला. सात टप्पे, तीन दिवे, मोबाइलवर संदेश पाठवण्याची सोय. टॅग लावणारा माणूस येऊन गेला. जुना लोखंडी डबा ठरावाप्रमाणे भंगारात गेला. नेव्हिलनी छोटंसं भाषण केलं, बेव्हर्लीने पेस्ट्या आणल्या, आणि डेस्मंडने चिमटे लावून बटण दाबलं.

तांबडा दिवा लागला. मोबाइलवर संदेश आला, ‘बॅटरी आढळली नाही.’

बेव्हर्लीने माहितीपुस्तिका वाचली. हा चार्जर हुशार होता. तारेच्या टोकाला खरंच बॅटरी आहे याची खात्री पटल्याशिवाय तो वीज सोडत नसे, आणि खात्री पटायला बॅटरीत आधी थोडी वीज लागे.

“म्हणजे चार्ज व्हायला ती आधी चार्ज झालेली पाहिजे,” बेव्हर्ली म्हणाली.

“धोरण म्हणून हे योग्यच आहे,” नेव्हिल म्हणाले.

नवी बॅटरी निवडण्यासाठी दुसरी उपसमिती नेमण्याची सूचना आली. अनुमोदन मिळायच्या आत दाराशी घरघर ऐकू आली. आश्रमाच्या चारचाकी विजेच्या स्कूटरवर बसून लॉरी आला होता. मांडीवर हेल्मेट होतं, गळ्यात चिमट्यांच्या दोन वायरी.

“उठा आता,” तो म्हणाला.

नेव्हिल लगबगीने पुढे झाले आणि त्यांनी स्कूटर न्याहाळली. तिला टॅग होता, चालू तारखेचा. आश्रमात सगळ्यालाच टॅग लावतात. लॉरीच्या मनगटावरही होता. अध्यक्षांना आक्षेपाला जागाच उरली नाही. लॉरीने खाली उतरून स्कूटरची सीट उचलायला लावली, खालच्या एका बॅटरीला वायरी लावल्या, त्यांची दुसरी टोकं मोटारसायकलीला. दहा मिनिटं ते तसंच ठेवलं.

“दाब,” लॉरी म्हणाला.

गाडी एकदा खोकली, दुसऱ्यांदा खोकली आणि सुरू झाली. शेडचे पत्रे हलू लागले. लॉरीने डोळे मिटले. मग उघडले, हेल्मेट चढवलं आणि गळ्याखालचा पट्टा लावण्यासाठी हनुवटी वर केली.

डेस्मंडने वही काढली. पेन उघडलं. तारीख लिहिणार तेवढ्यात त्याची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली. सव्वाचार वाजले होते. जुलैचा, ऐन हिवाळ्यातला दिवस, सव्वापाचला अंधार. जेमतेम तासाभरासाठी अख्खा दिवस लिहायचा?

“लॉरी,” तो म्हणाला, “शनिवारी सकाळी जाऊ या का? म्हणजे दिवस पुरता वसूल होईल. नीट, निवांत.”

लॉरीने वर केलेली हनुवटी खाली घेतली. मग हेल्मेट काढलं, वायरी सोडवल्या आणि तो पुन्हा स्कूटरवर बसला.

“तुला समितीची काही गरज नव्हती रे,” तो म्हणाला आणि स्कूटर वळवली.

डेस्मंडने इंजिन बंद करून नव्या चार्जरचे चिमटे लावले. बॅटरीत आता चार थेंब वीज होती, त्यामुळे चार्जरला ती एकदम दिसली. हिरवा दिवा लागला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

त्या शनिवारी पाऊस होता. पुढच्या शनिवारी लॉरीचं दफन होतं. मंडळाच्या वतीने मोटारसायकलींवरून मानवंदना देण्याचा ठराव एकमताने मंजूर झाला होता. पण दफनभूमी अगदीच जवळ, तेवढ्यासाठी प्रत्येकी एक दिवस खर्च कशाला, म्हणून सगळे मोटारींतून आले. लॉरीच्या मुलीने त्याच्या जुन्या वह्या डेस्मंडच्या हातात दिल्या. दर वर्षी नव्वदच्या नव्वद ओळी भरलेल्या. शेवटच्या वर्षी समासात एक्क्याण्णवावी, बेकायदा, आणि पुढे कारण लिहिलं होतं, ‘पेस्टी’.

सप्टेंबरअखेर डेस्मंडच्या वहीचं वर्ष संपलं. सत्त्याऐंशी दिवस रद्द झाले. नवीन वही आली, तिच्यात पुन्हा कोरे नव्वद. बॅटरी शंभर टक्के भरलेली आहे. चार्जर रोज सकाळी तसा संदेश पाठवतो.

तुम्ही हसत असाल, तर हसा. पण एकदा उठून आपल्या कपाटाचा वरचा कप्पा उघडा. पाहुणे आले की काढायचा म्हणून ठेवलेला तो कपबश्यांचा सेट अजून खोक्यातच आहे ना? आणि ज्यांच्यासाठी ठेवला होता, ते पाहुणे आहेत ना?