बाबा, ओळख पटवा!

"तू अगदी निश्चिंत जा!" किल्लीवाला बायकोला म्हणाला. "ज्या माणसाने आजवर भल्याभल्या तिजोऱ्या उघडल्या, त्याला एक केक सांभाळता येणार नाही?"

खरं म्हणजे त्याने आजवर एकही तिजोरी उघडली नव्हती. बाजारातल्या कपाटाएवढ्या दुकानात तो लोकांच्या हरवलेल्या किल्ल्यांना जुळी भावंडं तयार करून द्यायचा. पण छाती अशी काही फुगवली होती की बायकोने वाद घातला नाही. ती दवाखान्यात नर्स होती आणि तिला उशीर होत होता.

"मी येईपर्यंत केकला बोट लागता कामा नये," एवढंच ती म्हणाली.

कुणाचं बोट, हे सांगायची गरज नव्हती. आज वाढदिवस होता तो त्यांच्या सहा वर्षांच्या लेकीचा, मुंगीचा. हे नाव तिला उगाच पडलं नव्हतं. गोड काहीही, कितीही उंचावर ठेवा, ती वाट काढत तिथे पोचायचीच. आणि तिच्या मागोमाग तिचा तीन वर्षांचा भाऊ ढब्बू, तोंड उघडं ठेवूनच!

किल्लीवाल्याने डोकं लढवलं. केक बाथरूममध्ये, वॉशिंग मशीनवर ठेवला. मुलांच्या हाती लागू नये म्हणून हत्यारांची पिशवीही तिथेच टाकली. बाथरूममध्ये केक शोधायला कोण जातंय? मग स्वतःच्या अकलेवर खूश होऊन तो फुगे फुगवायला बसला. सोफ्यावर सासूबाई पेपर वाचत होत्या. नातीच्या वाढदिवसासाठी त्या सकाळीच आल्या होत्या.

फुगे फुगवता फुगवता त्याच्या लक्षात आलं, की घरात शांतता आहे. मुलांच्या घरात गोंगाट असेल तर सगळं ठीक असतं. शांतता पसरली की पळायचं! तो पळाला. बाथरूमशी पोचतो न पोचतो, तोच आतून आवाज आला.

खट्ट!

ही कडी त्याने गेल्याच आठवड्यात स्वतःच्या हाताने बसवली होती. "हत्तीने धडक दिली तरी हलणार नाही," असं शेजारपाजारच्यांना बोलावून सांगितलं होतं. आता कडी आत, तिचे स्क्रू आत, ते काढायची हत्यारं आत, केक आत, आणि मुलंही आत. बाहेर फक्त किल्लीवाला!

"मुंगे, दार उघड!"

"कोण आहे?" आतून मुंगीने विचारलं.

"कोण म्हणजे? बाबा!"

"सगळे चोर असंच म्हणतात. आमच्या बाबांनी सांगितलंय, ओळख पटल्याशिवाय दार उघडायचं नाही."

सांगितलं होतं खरं. रोज जेवताना सांगायचा.

"अगं, आवाज ओळखता येत नाही का तुला?"

"चोर आवाज काढतात. तुम्ही ओळख पटवा!"

एरवी त्याला अरे-तुरे करणारी पोर चक्क 'तुम्ही' म्हणत होती. परक्या माणसाशी अदबीने बोलायचं, हीसुद्धा त्याचीच शिकवण. आतून खर्र, खर्र असा आवाज येत होता. खोक्याचं झाकण! केक उघडतायत! त्याने दारावर थाप मारली.

"बरं, विचार काय विचारायचं ते. पण लवकर!"

"आजीची निळी फुलदाणी कुणी फोडली?"

किल्लीवाल्याने मागे पाहिलं. सासूबाई पेपर घेऊन बाहेरच्या खोलीच्या दारात उभ्या होत्या.

"शेजारच्या मन्याने," तो जोरात म्हणाला.

"चूक! तुम्ही चोर आहात!" आत पुन्हा खर्र, खर्र. ढब्बू काहीतरी बडबडला, तेही तोंड भरलेलं असल्यासारखं.

"थांब, थांब! मी फोडली! पंखा पुसताना पाय लागला!"

"माझा मन्या बिचारा!" शेजारच्या काकू ओरडल्या. मदतीला म्हणून त्या उघड्या दारातून नुकत्याच आत शिरल्या होत्या. "दोन महिने झाले, तुमच्या घरात पाऊल टाकू देत नाही तुम्ही त्याला!"

"काकू, नंतर बोलू. मुंगे, आता उघड!"

"बरोबर उत्तर. आता पुढचा प्रश्न. आजीने बाबांसाठी विणलेला स्वेटर कुठे हरवला?"

"गाडीत," तो पुटपुटला.

"चूक!"

"बरं बाई, हरवलाच नाही! दुकानात आहे!"

"काय करतात त्याचं?"

किल्लीवाल्याने डोळे मिटले. "मशीनचं तेल पुसतात."

"जावईबापू!" सासूबाईंनी पेपराची अशी काही घडी घातली, की जणू त्यात तोच होता. "हिवाळाभर विणत होते मी तो!"

"आई, लोकर इतकी मऊ आहे, की तेल कसं अगदी छान..." त्याने वाक्य तिथेच सोडलं. स्तुती भलत्याच वाटेला चालली होती.

खर्र! खर्र! आता आतून दारावर धक्काही बसला.

"मुंगे, केक खाली पाडशील! शेवटचं विचार आणि उघड!"

"रविवारी बाबा दुकानात मालाची मोजदाद करायला जातात, तेव्हा खरं काय करतात?"

"शटर ओढून झोपतो! दुपारभर! उशी पण नेऊन ठेवलीय तिथे! झालं? पटली ओळख?"

"पटली," मागून आवाज आला.

हा आवाज सासूबाईंचा नव्हता. काकूंचाही नव्हता. पर्स खांद्याला लावून बायको उभी होती. वाढदिवस म्हणून लवकर सुटली होती बिचारी.

"अगं, तू कधी..."

"मोजदादीच्या प्रश्नाला," बायको म्हणाली. तिने त्याला बाजूला सारलं आणि दाराला तोंड लावलं. "मुंगे, आई आलीय. उघड पाहू."

 आतून एक बारीकसा, रडवेला सूर आला.

"आई, कडी निघतच नाहीये गं! कधीची ओढतेय. माझा हात लाल झालाय."

 तो खर्र खर्र आवाज खोक्याचा नव्हता, कडीचा होता.

"मग इतका वेळ प्रश्न कशाला विचारत होतीस?" किल्लीवाला रडकुंडीला येऊन म्हणाला.

"तू घाबरशील म्हणून, बाबा! आणि ढब्बूला गंमत वाटावी म्हणून. नाहीतर तो रडला असता."

 किल्लीवाला दाराशी उकिडवा बसला. "शहाणी माझी बाय! अंगाचा साबण घे. ओला कर. कडीला चोळ, दोन्ही बाजूंनी. आता हळूच मागेपुढे हलव. ओढू नकोस."

खर्र... सर्र... खट्ट!

दार उघडलं. मुंगी कोपरापर्यंत फेसाने माखली होती. तिने धावत जाऊन बाबाच्या गळ्यात हात टाकले. ढब्बू टबात बसून स्वतःचा मोजा चघळत होता. वॉशिंग मशीनवर केक होता तस्सा! एक बोट लागलं नव्हतं.

"पाहिलंस?" किल्लीवाला बायकोकडे वळून म्हणाला. छाती पुन्हा फुगू लागली होती. "सांभाळला की नाही केक?"

बायकोने लेकीचे लाल हात हातात घेतले, त्यांवर फुंकर घातली. मग सावकाश विचारलं, "मुंगे, अजून प्रश्न होते का गं तुझ्याकडे?"

"खूप!"

बायकोने खुर्ची ओढली. सासूबाई सोफ्यावर सरसावून बसल्या. काकू मन्याला आणायला गेल्या.

"अगं, काहीतरीच काय! आत्ता पाहुणे येतील!" किल्लीवाला गयावया करू लागला.

"येऊ देत की," बायको म्हणाली. "त्यांनाही खुर्च्या मांड."