सायलसचं हिरवं जाकीट

८ जुलै, शनिवार. आमच्याकडचा ऐन हिवाळा. पहाटे गवतावर पांढरं हिव, नंतर कोरडं ऊन. वीज पहाटेच गेली ती दिवसभर आली नाही.

या दिवशी मी दोन गोष्टी ठरवल्या. एक, तेवीस वर्षांनी पुन्हा बँडमध्ये बेस गिटार वाजवायची. दोन, सायलसचं हिरवं जाकीट बायकोला द्यायचं नाही. पहिली गोष्ट मोठी वाटत होती. वाट लावली ती दुसरीने.

सायलस माझा थोरला भाऊ. आमच्या ग्वेरू शहरातल्या 'रुंदे लाइट्स' बँडमध्ये जन्मभर बेस वाजवत आला. गेल्या वर्षी बसस्टँडवर बसची वाट पाहता पाहता बाकावरच गेला. (बस नंतर आली. जागाही होती.) पुरल्यावर महिन्याभराने रीतीप्रमाणे त्याच्या वस्तू नातेवाइकांत वाटल्या. माझ्या वाट्याला त्याची बेस, छोटा अँप्लिफायर, हॅट आणि कॉर्डरॉयचं हिरवं जाकीट आलं. विजारी आल्या नाहीत. विजारींवरून दोन मेव्हण्यांची अशी जुंपली की ते अजून एकमेकांशी बोलत नाहीत आणि विजारी कोणालाच होत नाहीत.

मीही तरुणपणी बेस वाजवायचो. तीन बँडांत होतो. (दोन मी आल्यावर बंद पडले. तिसऱ्याला वेळेवर कळलं.) मग आमचा मुलगा न्गोनी जन्मला, मी बुटांच्या कारखान्यात स्टोअरचा कारकून झालो आणि बोटांना लेसांच्या गठ्ठ्यांची सवय लागली.

त्या शनिवारी टोबायस आला. टोबायस म्हणजे बँडचा मालक, गायक आणि गिटारवाला. जुन्या पाच जणांपैकी आता तोच उरलाय. तिघे मातीत आहेत, चौथा जोहान्सबर्गला, म्हणजे तोही गेल्यातच जमा.

"फिनिअस," तो म्हणाला, "सप्टेंबरात सायलसला घरी आणताय ना?"

"आणतोय."

वर्ष सरलं की रानात भटकणाऱ्या आत्म्याला घरी आणायचं, हा आमचा विधी. भल्या सकाळी थडग्यावर बिअर ओतायची, गात गात घरी यायचं, मग नाच आणि जेवण. त्यानंतर मेलेला घरचा होतो. नाही आला तर बाहेरच राहतो, आणि बाहेर राहिलेल्याचं काय होतं ते आमच्याकडे कोणी मोठ्याने बोलत नाही.

"तुझ्या आईने निरोप धाडलाय," टोबायस म्हणाला. "म्हणते, त्याची ती ओळ वाजल्याशिवाय सायलस अंगणात पाऊल टाकणार नाही."

ती ओळ मला ठाऊक होती. आईसाठी सायलसने एक गाणं बांधलं होतं. त्याच्या सुरुवातीला गिटार गप्प, ड्रम गप्प, नुसती बेस. ती खाली उतरत जाते, थांबते, आता संपली असं वाटतं, आणि मग वर येते. उशिरा घरी आलेला माणूस आवाज न करता फाटक उघडतो तशी. सायलस गेल्यापासून आई नीट जेवली नव्हती. हसण्याचा तर प्रश्नच नव्हता.

"तू वाजव," टोबायस म्हणाला. "त्याचा सख्खा भाऊ तू. रक्तातच असणार. त्या दिवशी नीट वाजलं तर बँडमधली त्याची जागाही तुझी."

मला रडू आलं. (आनंदाने की भीतीने ते मी त्या दिवशी ठरवलं नाही.)

टोबायस गेल्यावर रोदा, म्हणजे आमची मंडळी, हात पुसत बाहेर आली.

"अहो, त्या दिवसापुरतं भाऊजींचं जाकीट मला लागेल."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? नक्कल कोण करणार, तुमची आत्या?"

तिचं बरोबर होतं. मेलेल्याचे कपडे घालून, त्याच्यासारखं चालून, बोलून, खोकून लोकांना हसवायचं हे घरात लग्न होऊन आलेल्या सुनांचं काम. हक्कच म्हणा. रडणाऱ्या घरात हसू आणायची परवानगी त्यांनाच. पुरुषांनी खड्डा खणायचा आणि बाजूला उभं राहायचं. आणि आमच्या खानदानातल्या सुनांत रोदासारखी नकलाकार दुसरी नाही. माझ्या मामाच्या अंत्यविधीला तिने मामा इतका हुबेहूब केला होता की मामीने तिला जुन्या भांडणावरून शिव्या घातल्या.

"जाकीट मी घालणार," मी म्हणालो. "बेस घेऊन मी उभा राहणार. अंगावर भावाचं जाकीट असेल, डोक्यावर त्याची हॅट."

"न्गोनीच्या बाबा, ते कपडे घालून उभे राहिलात तर लोक काय समजतील?"

"समजतील, सायलसचा भाऊ उभा आहे."

रोदाने कोरडे हात पुन्हा पुसले. मग म्हणाली, "बरं."

तिचं 'बरं' मी अठ्ठावीस वर्षं ऐकतोय. ते बरं नसतं हे मला माहीत असायला हवं होतं.

रियाज सुरू झाला. इलेक्ट्रिक बेसचं असं असतं की विजेशिवाय ती कुजबुजते. आणि आमच्या वस्तीत वीज येते संध्याकाळी. संध्याकाळी मला टोबायसबरोबर बिअर हॉलमध्ये बँडच्या भविष्याची चर्चा करायला जावं लागे. (भविष्य फार मोठं होतं, रोज थोडं थोडं उरकत होतो.) म्हणून रियाज सकाळी, विजेविना. त्यावर मी एक युक्ती शोधली. बेसचं टोक कपाटाच्या दाराला टेकवलं की लाकूड घुमतं. आत बशा थरथरतात, दार गुणगुणतं, आणि एकूण आवाज असा भरदार येतो की माणसाला स्वतःविषयी आदर वाटू लागतो.

ओळ उतरायची, थांबायची. वर येताना माझी बोटं जरा चाचपडायची, पण नेमक्या त्याच वेळी बशा असा सुरेख किणकिणाट करायच्या की काही कमी पडलंय असं वाटायचंच नाही.

ऑगस्टात एक दिवस शेजारची चेनायची आई कुंपणावरून मला कुळाच्या नावाने हाक मारत म्हणाली, "सोको, काल संध्याकाळी काय वाजवलंत हो! माझी भाजी करपली ऐकता ऐकता."

"संध्याकाळी?" मी म्हणालो. "मी संध्याकाळी घरी नसतो."

"मग सकाळी ते काय असतं? आम्हाला वाटलं तुम्ही कपाट सरकवताय."

मी विचार केला, बाईने रेडिओ ऐकला असणार. म्हातारपणी कानांचा भरवसा नाही.

त्याच सुमारास रोदाच्या डाव्या हाताच्या चार बोटांना चिंध्या बांधलेल्या दिसल्या.

"काय झालं?"

"भाजी चिरताना कापलं."

"चारही बोटं? एका रेषेत?"

"सुरी धारदार आहे."

मी तिला म्हटलं, जरा लक्ष देत जा. आणि माझ्या बोटांवरचे फोड तिला अभिमानाने दाखवले. कलावंताला सोसावं लागतं, असंही काहीतरी म्हणालो. ती "बरं" म्हणाली.

बँडबरोबर एकच तालीम ठरली होती. जनरेटरला डिझेल मिळालं नाही म्हणून ती गप्पांवर भागली.

२ सप्टेंबर, शनिवार. जोराचा वारा, लाल धूळ. शुरुग्वीजवळचं आमचं गाव.

सकाळी थडग्यावर बिअर ओतली, मोठ्या काकांनी पूर्वजांची नावं घेतली, आणि आम्ही गात घरी आलो. आईला स्वयंपाकाच्या झोपडीसमोर खुर्चीत बसवलं होतं. अंगावर दोन ब्लँकेटं, त्यांच्यात ती कुठेतरी. तिला उठवायला दोन माणसं लागतात. मी वाकून म्हणालो, "आई, मी वाजवणार आहे."

"तू?" ती म्हणाली. मग ब्लँकेट ओढून घेत, "वारा फार आहे. जपून."

झाडाखाली बँड उभा राहिला. जनरेटर धडधडू लागला. मी झोपडीमागे जाऊन जाकीट घातलं, हॅट घातली, बेस गळ्यात अडकवली. सायलस माझ्यापेक्षा वीतभर उंच होता, त्यामुळे बाह्या बोटांपर्यंत आल्या आणि हॅट भुवयांवर. तरी आरशात बघितलं असतं तर मला भरून आलं असतं. सुदैवाने आरसा नव्हता.

मी कोपऱ्यावरून अंगणात आलो आणि सुनांच्या घोळक्यातून एकदम किलकारी उठली.

"आली गं आली, नक्कल आली!"

"बाई गं, यंदा बाप्याने केली!"

"चाल बघा! अगदी सायलस! पगाराच्या दिवशीचा!"

मी मागे वळून बघितलं. मागे कोणीच नव्हतं. (त्यावरही हशा झाला. सायलस म्हणे असाच मागे बघायचा.) टोबायसने घसा साफ केला, ड्रमवाल्याने काठ्या खाली ठेवल्या. मी पहिली तार छेडली.

अँप्लिफायरमधून मी स्वतःला तेवीस वर्षांनी प्रथमच ऐकत होतो. अंगणातल्या कोंबड्यांनी मैदान सोडलं. ओळ उतरू लागली, पण एक पायरी सोडून, अंधारात जिना उतरणाऱ्यासारखी. थांबायच्या जागी थांबली. आता वर यायचं. मी वाट पाहिली. बशा वाजल्या नाहीत. कपाट ग्वेरूला होतं.

मोठे काका स्टुलावरून खाली पडले. त्यांना उचलायला गेलेला माणूसही हसून खाली बसला. सायलसची विधवा डोक्याच्या रुमालाने डोळे पुसत ओरडत होती, "अस्सेच! प्यायले की अगदी अस्सेच वाजवायचे!" मी घाम पुसला, सुना किंचाळल्या. मी टोबायसकडे केविलवाण्या नजरेने बघितलं, तर तो गिटारवर डोकं टेकून हलत होता. शेवटी मी माइकपाशी गेलो आणि म्हणालो, "ऐका, थांबा. मी खरंच वाजवतोय!"

त्या अंगणात त्याआधी आणि त्यानंतर तेवढा हशा झालेला नाही.

"सायलसही हेच म्हणायचा!" कोणीतरी हंबरलं.

फक्त आई हसली नाही. तिने ब्लँकेटातून हात बाहेर काढला आणि हळूहळू सगळे गप्प झाले.

"हा सायलस नाही," ती म्हणाली. "सायलस फाटकाबाहेर उभा आहे. तुम्ही हसताय. त्याला कोणी आत घ्यायचंय की नाही?"

वारा तेवढा वाजत होता. माझ्या गळ्यात बेस होती आणि हात बाह्यांत. मी पुन्हा सुरुवात केली. तीच पायरी पुन्हा सुटली. या वेळी कोणी हसलं नाही, ते फार वाईट होतं. आई फाटकाकडे बघत होती. आणि मला, खोटं कशाला सांगू, क्षणभर वाटलं की तो खरंच तिथे उभा आहे, ऐकतोय, आणि परत जायला वळलाय.

तेवढ्यात सुनांतून रोदा आली. डोक्याचा रुमाल घट्ट करत माझ्यासमोर उभी राहिली.

"काढा."

"काय?"

"जाकीट. आणि ती बेस."

"अगं, सगळे बघतायत."

"म्हणूनच म्हणते, लवकर."

मी काढून दिलं. जाकीट तिला बरोबर बसलं. तिने पट्टा आखूड केला, सायलस करायचा तशी मान एका बाजूला कलती केली, आणि बोटं तारांवर ठेवली. चारही बोटांच्या टोकांना घट्टे होते, एका रेषेत.

ओळ उतरली. एकेक पायरी. थांबली. इतका वेळ थांबली की मी फाटकाकडे बघितलं. आणि मग वर आली, हळूच, कडी न वाजवता.

आई उठली. कोणी हात दिला नव्हता.

"आलास," ती म्हणाली. "एवढा उशीर? जेवण गार झालं."

मग ती हसली, आणि ड्रम सुरू झाले, आणि सगळं अंगण नाचू लागलं. माझ्या डोळ्यांत धूळ गेली. (वाऱ्याची नोंद वर केलेली आहे.)

गाणं संपल्यावर मी रोदाला गाठलं.

"कधी शिकलीस?"

"तुम्ही बँडचं भविष्य ठरवायला जायचात तेव्हा. संध्याकाळी वीज असायची."

"पण कोणी शिकवलं?"

"भाऊजींनी जन्मभर वाजवलं. मी काय बहिरी आहे? आणि चर्चमध्ये वीस वर्षं ढोल वाजवतेय, हे त्यापेक्षा हलकं आहे."

"मला सांगितलं का नाहीस?"

"जाकीट मागितलं तेव्हा सांगण्यासारखं काही नव्हतं. नकलेत नुसतं वाजवल्याचं सोंग करणार होते. मग तुमचा रियाज ऐकला आणि सोंगाने भागायचं नाही हे कळलं." तिने माझी हॅट सरळ केली. "तुम्ही कपाटाला वाजवत होतात. आईंना कपाट ऐकायचं नव्हतं."

टोबायस हात पुढे करून आमच्याकडे आला. मीही हात पुढे केला. त्याचा हात माझ्या शेजारून गेला.

"न्गोनीची आई," तो म्हणाला, "शनिवारी तुम्ही मोकळ्या असता का?"

मग माझ्याकडे वळून म्हणाला, "फिनिअस, तो अँप्लिफायर जरा उचलतोस? जड आहे."

मी तो उचलून गाडीत ठेवला. तिथे एक अनोळखी गृहस्थ हॅट हातात घेऊन उभे होते, पलीकडच्या गावचे. त्यांच्या वडिलांना ऑक्टोबरात घरी आणायचं होतं. बँडची तारीख टोबायसकडून पक्की झाली आहे, असं ते म्हणाले, पण काम माझ्याकडे होतं. त्यांच्या घरात सुना कमी आहेत.

१४ ऑक्टोबर, शनिवार. ढगाळ, उकाडा, पाऊस नाही. बेसवर रोदा. सुनांमध्ये मी.