उभ्या गाडीचा पट्टा

माझी गाडी सोळा वर्षांची आहे, पण मीटर बघाल तर जेमतेम पस्तीस हजार! आमच्या नवीन पनवेलच्या सोसायटीत असा दुसरा मीटर नाही, हे मी भर मीटिंगमध्येही सांगितलंय. लोकांना गाडी पळवता येते, राखता येत नाही. मी दर रविवारी सकाळी खाली जाऊन तिची सेवा करतो. बॅटरी राखावी लागते ना!

त्यामुळे गॅरेजवाला कुंदन "साहेब, टायमिंग बेल्ट बदला, लय जुना झालाय" म्हणून मागे लागला, की मी त्याला मीटर दाखवायचो. कुंदनचं म्हणणं, रबर उभ्या उभ्याही म्हातारं होतं. मी म्हणायचो, इंजिनातल्या पट्ट्याला काय माहीत, बाहेर कुठलं साल चालू आहे ते?

त्या रविवारी मात्र काम नाजूक होतं. आमच्या लेकीने, अनुयाने सत्यजीतला पसंत केलं होतं, त्याने तिला. अडलं होतं ते त्याच्या वडिलांच्या, विश्वजीतरावांच्या होकारावर. ते सपत्नीक जेवायला येणार होते आणि मासे म्हणजे त्यांचा जीव की प्राण. बायको, सुमती म्हणाली, इथल्याच बाजारातून आणा. पण हौसेला मोल नसतं. मी गाडी काढली आणि थेट करंजा बंदर गाठलं.

पापलेटं अगदी बघत राहावी अशी मिळाली. बर्फ घेतला नाही. एवढ्याशा रस्त्याला बर्फ कशाला, हा माझा हिशेब. येताना उलव्यापाशी गाडीने एकदा 'टक्' केलं आणि ती गप्प झाली. मी स्टार्टर मारला, पुन्हा मारला. रिकामा मिक्सर फिरावा तसा नुसता आवाज. कुंदनला फोन लावला, तर तो म्हणाला पट्टा तुटला, आता स्टार्टर मारू नका, आतले व्हॉल्व्ह वाकतील. तोवर माझं मारून झालं होतं.

डोक्यावर ऊन, चहूकडे बांधकामांची धूळ आणि डिकीत पापलेटं. शेवटी गावातला हरेश नावाचा तरुण ट्रॅक्टर घेऊन देवासारखा आला. दोर बांधता बांधता त्याने नाक मुरडलं.

"काका, गाडी मेली का मासली? वास लय हाय."

हरेशच्या ट्रॅक्टरवर हळदीची गाणी ठणाणा लागली होती. मी मागून हातवारे करत होतो, बंद कर म्हणून. त्याला वाटलं मला आवडली, त्याने आवाज वाढवला. सोसायटीच्या गेटात शिरलो तेव्हा विश्वजीतराव आपली गाडी घरी ठेवून नुकतेच रिक्षातून उतरत होते. होकाराच्या आधीच मी वरात काढली होती.

पापलेटं कचऱ्यात गेली. सुमतीने पिठलं वाढलं. विश्वजीतराव ताटाकडे बघून गंभीर झाले. अनुयाचा चेहरा एवढासा झाला. काहीतरी सावरावं म्हणून मी म्हणालो, "नवल आहे हो, गाडी फक्त पस्तीस हजार चाललीय."

अनुयाचा धीरच सुटला. "चालली नाही, पण दर रविवारी इंजिन चालूच असतं! बाबा पार्किंगमध्ये एसी लावून पेपर वाचतात, झोपतात, ते थेट जेवायला वर येतात. गाडी उभी, पण पट्टा आत फिरतोच आहे की. मीटरला कसं कळणार?"

"मला सांगतात, बॅटरी राखतोय," सुमती म्हणाली.

विहीणबाईंचा घास हातातच राहिला. त्या सावकाश नवऱ्याकडे वळल्या.

"म्हणजे, तुम्हीही दर रविवारी बॅटरीच राखता ना हो?"

विश्वजीतरावांना जोराचा ठसका लागला. पाणी प्यायले, इकडेतिकडे बघितलं आणि घाईघाईने म्हणाले, "ते जाऊ दे. मुलगी आम्हाला पसंत आहे. तारखेचं बोलूया का?"

तर लग्न ठरलं. गाडीला नवा पट्टा आणि नवे व्हॉल्व्ह बसले. परवा विश्वजीतरावांचा फोन आला. आवाज अगदी दबका. त्यांच्या गाडीची चावी विहीणबाईंनी कपाटात ठेवलीय म्हणे. "तुमचा बेल्ट नवा आहे ना? मग रविवारी पेपर घेऊन येऊ का?"

या म्हटलं. आमचीही चावी आता सुमतीकडेच असते, हे मी त्यांना अक्षता पडेपर्यंत सांगणार नाही.