सायकल कुठं चुकली

रस्त्यानं जाणारी कुठलीही सायकल आमचे शेजारी गोपाळमामा हात आडवा घालून थांबवतात. "उतर बाबा, तुझी सायकल चुकलीय!" तो बिचारा चाकात हवा आहे का बघायला वाकतो आणि अडकतो.

मी लग्न होऊन कुंभकोणमला आले, तेव्हा दुसऱ्याच दिवशी मलाही अडकवलं. मामांचं घराणं मराठेशाहीपासून इथलं. घरात मराठी, दाराबाहेर तमिळ, व्याख्यान मात्र दोन्हीत. "आधी पेडलच नव्हतं पोरी! जमिनीवर पाय मारत पळायचं. मग पुढचं चाक माणसाएवढं केलं. पडला की दात गेले. मग साखळी आली, चाकं सारखी झाली. इथवर सेरि, बरोबर! पण मधे एक तीनचाकी होती, दोघांनी शेजारी-शेजारी बसायची. ती शहाण्यांनी मोडीत काढली आणि दुसऱ्या माणसाला मागं कॅरियरवर टाकलं. अय्यो, काय हा मूर्खपणा!"

गेल्या वर्षी मामांनी ती तीनचाकी स्वतःच करायला घेतली. दोन जुन्या सायकली कापल्या, वेल्डिंगवाल्याचं डोकं खाल्लं. तयार झाली, तर फाटकातून निघेना! सगळी गल्ली हसली. मामांनी गवंडी बोलावला, खांब पाडायला. अंबुजामामींनी कपाळावर हात मारला.

मी म्हटलं, "मामा, प्रदोषाला साक्कोट्टैच्या देवळात मामी कॅरियरवर बसून जातातच की. अडलंय कुठं?"

मामांनी माझ्या तोंडाकडं टक लावून पाहिलं. मग हळूच म्हणाले, "मला ऐकू येत नाही गं. दोन वर्षं झाली. कानातल्या मशीनचा नुसता गोंगाट होतो. समोरच्याचे ओठ बघून कळतं. ती मागं बसून वाटभर बोलते आणि मी आपला 'हो, हो' म्हणतो. कशाला हो म्हटलं, देव जाणे! तिला वाटतं मशीननं भागतंय. सांगू नको, जिवाला लावून घेईल."

पोट धरून हसले होते मी. आता मेल्याहून मेल्यासारखं झालं.

प्रदोषाच्या संध्याकाळी खांब पाडलेल्या फाटकातून तीनचाकी रस्त्यावर आली. मामी नवी साडी सावरत मामांच्या शेजारी बसल्या, त्यांच्याकडं वळल्या आणि बराच वेळ काहीतरी बोलल्या. मी हातभर अंतरावर उभी, पण मला एक अक्षर ऐकू आलं नाही. मामी आवाजच काढत नव्हत्या. नुसते ओठ हलवत होत्या, सावकाश, मामांना नीट दिसतील असे. म्हणजे बाईंना सगळं ठाऊक होतं!

मागं रिक्षावाला हॉर्नवर हॉर्न मारत होता. मामा पेडल मारायचं विसरून मामींकडं बघत राहिले.